पत्र्याखालचा उकाडा कसा कमी करावा?

आपल्यापैकी अनेकांची मुले पत्र्याच्या छपराखालीच परीक्षेचा अभ्यास करतात. उन्हात पत्रा तापतो आणि उष्णता खाली फेकतो. पंखा मग गरम हवाच फिरवितो. म्हणून उष्णता वरच अडवावी, असे आम्ही सुचवितो.

प्रथम पत्रा धुऊन त्यास वरून पांढरा रंग द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दरवर्षी पत्रा धुवावा. पैसे जमल्यावर आतून प्लायवूडचे छत ठोकून त्यावर ग्लासवूल अंथरावे. त्यात अडकलेली हवा उष्णता रोखते. ग्लासवूल व पत्रा यांत चार बोटे जागा सोडावी, गरम हवा जाण्यास झरोके ठेवावेत. काम करताना हातमोजे घालावेत, नाकाला फडके बांधावे. थर्माकोल स्वस्त, पण चटकन पेट घेतो.

छताला वेळ लागेल. रंगासाठी तरी आपण पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नये.