रक्तस्राव थांबवताना

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 5 लिटर रक्त असते. मोठी धमनी तुटली, तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. म्हणून 108 वर फोन करायला सांगा आणि लगेच दाब द्या.

• पहिला उपाय : स्वच्छ कापड थेट जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा. कापड उचलून सारखे पाहू नका.

• दाबबिंदू : दंडाच्या आतल्या बाजूला, स्नायूंच्या मधल्या खोबणीत धमनी हाडावर दाबली की हाताकडचा रक्तप्रवाह कमी होतो, पायासाठी जांघेच्या मध्यावर तळहाताने जोर लावतात. मात्र नेमकी जागा सापडेपर्यंत मोलाचा वेळ जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2010 पासून या पद्धतीची शिफारस थांबवली. थेट दाब सोडून बिंदू शोधत बसू नका.

• हातापायाचा रक्तस्राव थांबतच नसेल, तर : जखमेच्या 5 ते 7 सेंमी वर, सांधा टाळून रुंद पट्टा आवळा. वेळ लिहून ठेवा. पट्टा डॉक्टरांनीच सोडावा.

• हे टाळा : हळद, चहापूड, राख लावणे, रुतलेली वस्तू उपसणे.

अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चे संरक्षण आहे. न घाबरता पुढे व्हा.