समुद्रावर मोबाइल मुका कां होतो?

आमच्या शाळेंत किनाऱ्यावरच्या गांवांतून येणारीं मुलें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कित्येकांचे वडील, चुलते किंवा थोरले बंधु मासेमारीच्या बोटींवर आठ-आठ, दहा-दहा दिवस राहतात. तेथेंच रांधतात, तेथेंच निजतात. बोट बंदराबाहेर पडल्यावर पहिले एक-दोन तास घरच्या मोबाइलवर त्यांचे निरोप येत असतात. पुढें ते एकाएकीं बंद होतात, आणि बोट पुन्हां किनाऱ्याजवळ येईपर्यंत घरांतल्या माणसांस वाट पाहण्यावांचून दुसरा उपाय उरत नाहीं. विज्ञानाच्या तासाला आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें कीं, समुद्रावर ना डोंगर, ना इमारत, ना झाड. मग आडवें येतें तें काय?

आडवी येते ती पृथ्वीच. सपाट दिसणारें समुद्राचें पाणी वस्तुतः गोलाच्या पाठीप्रमाणें वांकलेलें आहे. दूर जाणाऱ्या गलबताचा आधीं तळभाग दिसेनासा होतो व सर्वांत शेवटीं डोलकाठीचा शेंडा, हें भूगोलांत आपण शिकलोंच आहों. मोबाइलचें काम ज्या बिनतारी लहरींवर चालतें त्या प्रकाशाच्याच जातीच्या आहेत. त्या सामान्यतः सरळ रेषेंत धांवतात आणि पाण्याच्या कुबडाआड गेलेल्या बोटीस फारशा गांठूं शकत नाहींत. दीपस्तंभ उंच कां बांधतात याचें जें कारण, तेंच मोबाइलचा मनोरा उंच कां असावा याचेंहि कारण होय.

याचा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यास सहज करतां येण्यासारखा आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्यें घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्यास ३.५७ नें गुणावें. जें उत्तर येईल तितक्या किलोमीटरांवर त्या उंचीवरून क्षितिज दिसतें. बिनतारी लहरींना हवा किंचित् खालीं वांकविते, म्हणून त्यांच्यासाठीं ३.५७ च्या जागीं ४.१२ हा आंकडा घेतात. मनोऱ्याचा व मोबाइलचा हिशेब निरनिराळा करून दोहोंची बेरीज करावयाची. समजा, किनाऱ्यावरील मनोरा ४० मीटर उंच आहे. त्याचें क्षितिज २६ किलोमीटरांवर येतें. खलाशी बोटीवर उभा राहून पाण्यापासून २ मीटर उंचीवर मोबाइल धरतो. त्याचें क्षितिज जेमतेम ६ किलोमीटर. बेरीज ३२ किलोमीटर, म्हणजे सुमारें १७ सागरी मैल. यापलीकडे तो मोबाइल कितीहि महागाचा असला तरी त्याचा इलाज चालत नाहीं.

आतां या हिशेबांतली गंमत पाहावी. तोच मोबाइल हातांत न धरतां त्याची आकाशतार, म्हणजे ॲंटेना, ९ मीटर उंच डोलकाठीच्या शेंड्यावर बसविली, तर बोटीच्या बाजूचें क्षितिज ६ वरून १२ किलोमीटरांवर जातें. उलट मनोराच कोंकणांतल्या एखाद्या सड्यावर, समुद्रापासून १६० मीटर उंचीवर असेल, तर त्याचें एकट्याचें क्षितिज ५२ किलोमीटर होतें. एका गांवासमोर रेंज लवकर जाते व दुसऱ्या गांवासमोर दूरवर टिकते, असें तांडेल सांगतात, त्याचें मुख्य कारण हेंच. उन्हाळ्यांत कधीं कधीं पाण्यालगतच्या हवेचे थर असे रचले जातात कीं, लहरी नेहमींपेक्षां अधिक वांकतात आणि भलत्याच लांबच्या मनोऱ्याची रेंज येते. तें वरदान समजावें. त्यावर भरवसा ठेवून सफरीचा बेत आंखूं नये.

परंतु क्षितिजाच्या आंत असूनहि निरोप जात नाहीं, असा अनुभव सर्वांस येतो. मोबाइलवर रेंजच्या दोन काड्या दिसतात, आणि तरी घड्याळाचें चिन्ह कांहीं हटत नाहीं. याचें कारण असें कीं, संभाषण दोन बाजूंचें असतें. मनोऱ्यावरचें यंत्र वीस-चाळीस वॅट शक्तीनें बोलतें. ४जी मोबाइल फार तर एक पंचमांश वॅटनें. मनोरा ओरडतो व मोबाइल कुजबुजतो म्हणाना! काड्या दिसतात त्या मनोऱ्याच्या आवाजाच्या, आपल्या आवाजाच्या नव्हेत. जुन्या साध्या २जी मोबाइलची शक्ति २ वॅटपर्यंत असे. म्हणून जेथें तें जुनें जाळें अद्याप चालूं आहे तेथें स्मार्टफोन मुका झाल्यावरहि साध्या फोनवर चार शब्द बोलणें होऊं शकतें.

त्या जुन्या पद्धतींत मात्र एक वेगळीच मर्यादा होती. मनोरा अनेक मोबाइलांस पाळीपाळीनें बोलण्याची वेळ नेमून देतो. लांबच्या मोबाइलची लहर पोहोंचण्यास जो उशीर लागतो तो गृहीत धरून, “तूं थोडा आधीं बोल,” असें मनोरा त्यास बजावतो. ही सवलत साधारणतः ३५ किलोमीटरांपर्यंतच्या जाण्यायेण्यास पुरेल एवढीच ठेवलेली असते. वेळ म्हणाल तर सेकंदाचा सुमारें चार हजारावा भाग! त्यापलीकडच्या मोबाइलची हांक शेजाऱ्याच्या पाळींत घुसते व हजेरीपटांत त्याचें नांवच लागत नाहीं. ४जीमध्यें ही मर्यादा कंपनी आपल्या सोयीनें कमी-अधिक ठेवूं शकते. शिवाय मनोऱ्यावरच्या फळ्या बहुधा वस्तीकडे तोंड करून व थोड्या खालीं झुकवून बसविलेल्या असतात, कारण गिऱ्हाइकें जमिनीवर आहेत. माशांस मोबाइल लागत नाहींत, आणि कोळ्यांचीं मतें तेथें पोहोंचत नाहींत.

मग बोटीवर राहणाऱ्यानें करावें काय? पहिली गोष्ट उंचीची. डोलकाठीवर चोहों दिशांस सारखी ऐकणारी आकाशतार बसवावी. एकाच दिशेला रोंखलेली आकाशतार बंदरांत नांगरलेल्या बोटीवर अधिक गुणाची. पण हेलकावणाऱ्या व वळणाऱ्या बोटीवर तिचा नेम राहत नाहीं. आकाशतारेपासून खालीं येणारी केबल जितकी लांब तितकी वाटेंत शक्ति गळते. म्हणून सिमकार्ड घालण्याचें राउटर शक्य तितकें वर, पाणी न शिरणाऱ्या डब्यांत ठेवून त्याचें वाय-फाय खालीं केबिनींत घ्यावें. एका राउटरवर सगळ्या खलाशांचें काम भागतें. सांध्यांवर रबरी पट्टी गच्च गुंडाळावी, कारण खारें पाणी एकदां केबलींत शिरलें कीं महिन्याभरांत तांबें हिरवें पडतें आणि दोष कोठें आहे तें शोधतां शोधतां माणूस मेटाकुटीस येतो. फायबरच्या व लांकडी बोटींतून लहरी बऱ्यापैकीं आरपार जातात. लोखंडी केबिन मात्र त्यांस अडविते, तेव्हां अशा बोटीवर बाहेरची आकाशतार अवश्य हवी. बोटीची बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टची असते. तीवरून सरळ मोबाइल भारणारा लहान अडॅप्टर घ्यावा. इन्व्हर्टर लावून आधीं २३० व्होल्ट करावयाचे व पुन्हां ५ व्होल्टांवर आणावयाचे, यांत बॅटरी व्यर्थ खर्च होते.

बाजारांत “सिग्नल बूस्टर” म्हणून पेट्या विकण्यास येतात. विनापरवाना तसली पेटी लावणें आपल्या देशांत कायद्यानें गुन्हा आहे, आणि ती निष्काळजीपणें लावली तर शेजारच्या दहा बोटींचें बोलणें बिघडविते. तिच्या नादीं लागूं नये. रेंज काठावरची असेल तेव्हां बोलण्याचा हट्ट सोडून लहानसा लेखी निरोप पाठवावा. संभाषणाला अखंड धागा लागतो, निरोपाला क्षणभराची फट पुरते. हवामानाचा अंदाज बंदर सोडण्यापूर्वींच उतरवून घ्यावा.

हें सर्व करूनहि आपण थोडेच सागरी मैल मिळवितों. अलीकडच्या बोटी तर पन्नास-साठ सागरी मैलांपलीकडेहि जातात, आणि वादळ नेमकें तेथेंच गांठतें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या किती घरांतून आकांत झाला हें वडीलधाऱ्यांस विचारावें. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ कन्याकुमारीजवळ इतक्या झपाट्यानें वाढलें कीं, इशारा निघाला तोंवर शेंकडों बोटी खोल समुद्रांत गेलेल्या होत्या. केरळ व तमिळनाडूच्या साठांहून अधिक बोटी भरकटत, झुंजत आपल्या देवगड बंदराच्या आश्रयास आल्या. त्यांवर सुमारें साडेनऊशें माणसें होतीं. तीं जिवंत आहेत हें त्यांच्या घरीं कळण्यास त्यांनीं किनारा गांठावा लागला. इशारे देणारें खातें होतें, मोबाइल होते, इंटरनेट होतें. नव्हता तो मधला दुवा.

येथें जुन्या ट्रान्झिस्टरची आठवण होते. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांबीच्या असतात व खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागास बिलगून क्षितिजापलीकडेहि जातात. म्हणून बापजाद्यांच्या काळीं खोल समुद्रांत बातम्या ऐकूं येत. मोबाइलच्या लहरी वीतभर लांबीच्या. त्यांत चित्रें, पत्रें, सिनेमे सर्व मावतें, पण तो गुण नाहीं.

मोठ्या जहाजांचा प्रश्न जगानें केव्हांच मनावर घेतला. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाली, आणि १९१४ मध्यें जहाजांवरील बिनतारी यंत्राविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला. १ फेब्रुवारी १९९९ पासून परदेशीं जाणाऱ्या उतारूंच्या सर्व जहाजांवर व ३०० टनांवरील मालवाहू जहाजांवर उपग्रह व बिनतारी यांची संकटसूचक व्यवस्था सक्तीची आहे. आपली मासेमारीची बोट या सक्तीच्या बाहेर राहिली. उपग्रहांतहि दोन जाती आहेत. एक ३५,७८६ किलोमीटर उंचीवर राहून पृथ्वीबरोबर फिरणारे. ते थोडेच पुरतात, पण शब्द जाऊन येण्यांत अर्ध्या सेकंदाची खोळंबा होते. दुसरे साडेपांचशें किलोमीटरांच्या आसपास शेंकड्यांनीं धांवणारे, ज्यांच्या जोरावर स्टारलिंकसारख्या कंपन्या जहाजांवर इंटरनेट देतात. भारतीय हद्दींत जहाजांवर अशी सेवा देण्याचे नियम २०१८ च्या डिसेंबरांत झाले, आणि २०२५ सालीं स्टारलिंकला परवाना मिळाला. परंतु परदेशांतून कोणी उपग्रह-फोन आणून दिला तर तो बोटीवर बाळगूं नये. थुराया व इरिडियम जातीचे फोन परवानगीवांचून बाळगणें येथें गुन्हा आहे. २००८ सालीं मुंबईवर हल्ला करणारे मासेमारीच्या बोटींतून व तसलाच फोन घेऊन आले होते, हें ध्यानांत घेतां सरकारची सावधगिरी समजण्यासारखी आहे.

लहान बोटींसाठीं आपल्याच शास्त्रज्ञांनीं केलेलीं यंत्रें आहेत, आणि आमच्या मतें इंटरनेटच्या आधीं विचार व्हावा तो यांचा. इस्रोचें संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरांत आहे: बटण दाबलें कीं बोटीची जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलास कळते. २०२४ सालीं त्याची दुसरी पिढी आली, तींत हांक ऐकल्याची पोंचहि बोटीवर परत येते. बुडत्यास ती पोंच म्हणजे काय, हें सांगावयास नको. २०१९ मध्यें जेमिनी नांवाची एक डबी निघाली; ती उपग्रहाकडून वादळाचे इशारे घेऊन ब्लूटूथनें मोबाइलवर दाखविते, मात्र उलट बोलूं शकत नाहीं. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या पालघर येथें एक लाख बोटींस ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. त्यावर क्षितिजाचें बंधन न राहतां दोन्ही बाजूंनीं लहान लेखी निरोप जाऊं-येऊं शकतात. कांहीं मालक तें यंत्र “आपली मासे धरण्याची जागा सरकारास कळेल” म्हणून बंद ठेवूं पाहतात. जागा मौल्यवान् असेल. बोटीवरच्या आठ-दहा जिवांचा हिशेब तरी मालकानें कोणत्या वहींत मांडला आहे?

याचा अर्थ खलाशांनीं करमणुकीसाठीं मोबाइल वापरूं नये असा नव्हे. कोंकणांतल्या बोटींवर नेपाळांतले मुलगेहि कामास असतात; समुद्राच्या काठाकाठानें जातांना त्यांस आपल्या आईचा शब्द ऐकूं आला तर तें सुख थोडें नाहीं. फक्त काठच्या मोबाइलनें खोल समुद्रांतल्या यंत्राची जागा अडवूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हां नियमानें जाऊं लागतील, तेव्हां घरच्या तांडेलाजवळ एक लहान वही द्यावी. शेवटचा निरोप गेला तेव्हां बोट कोठें होती, पाणी किती वाव होतें, मोबाइल हातांत होता कीं डोलकाठीवर, आणि सिम कोणत्या कंपनीचें होतें, एवढें त्यांत टिपून घ्यावें. दिवाळीच्या सुटीनंतर त्या वह्या आमच्याकडे आणाव्या. विज्ञानाच्या खोलींत किनाऱ्याचा मोठा नकाशा लावून त्यावर आपण त्या जागा लाल टांचण्यांनीं मांडूं, आणि कोणत्या गांवासमोर रेंज किती दूर टिकते याची रेघ ओढूं. त्या नकाशाची एक प्रत मच्छीमार सोसायटीच्या कचेरींत लावण्यास देतां येईल.