स्वर दुप्पट करणारा ट्रान्स्फॉर्मर

ट्रान्स्फॉर्मर म्हटला की आपल्याला रस्त्याकडेच्या खांबावरचा डबा आठवतो. पण अंगठ्याएवढा ट्रान्स्फॉर्मर गिटारचा स्वर एक सप्तक वर चढवू शकतो. रॉजर मेयर या इंग्रज तंत्रज्ञाने जिमी हेंड्रिक्ससाठी ‘ऑक्टेव्हिया’ पेडल घडवले. १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मध्ये त्याचा आवाज ऐकू येतो.

अशा धर्तीचे पेडल घरी करताना सारी मदार ट्रान्स्फॉर्मरच्या जोडणीवर असते. त्याच्या दुय्यम गुंडाळीला तीन तारा हव्यात : दोन टोके व एक मधली. मधली ग्राउंडला जोडावी. प्रत्येक टोकाला एकेक डायोड, दोन्हींचे तोंड एकाच दिशेला. पुढे दोन्ही एकत्र. एक टोक धन असते तेव्हा दुसरे ऋण असते. त्यामुळे लाटेचा खालचा अर्धा भागही उलटून वर येतो आणि सेकंदाला ११० कंपनांची २२० होतात.

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतील ड्रायव्हर ट्रान्स्फॉर्मर यासाठी चालतो. मल्टिमीटरने पाहावे : मधल्या तारेपासून प्रत्येक टोकापर्यंतचा रोध एकूण रोधाच्या साधारण निम्मा भरतो. मधली तार व टोक यांची अदलाबदल झाली, तर लाटेचा अर्धा भाग गळतो आणि सप्तक चढत नाही.

वीज मात्र ९ व्होल्टच्या बॅटरीचीच घ्यावी. घरातील २३० व्होल्टशी या इवल्या ट्रान्स्फॉर्मरची गाठ कधीही घालू नये. तिथे स्वर नव्हे, जीव जातो.