दुर्मिळ मोटारीला न्याय कोणत्या गटात?

अमेरिकेत सुटीच्या दिवशी मोठमोठ्या वाहनतळांवर किंवा वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर प्लॅस्टिकचे शंकू मांडून मोटारींची स्पर्धा भरते. तिचे नाव ऑटोक्रॉस. (भारतात याच नावाच्या स्पर्धा बहुधा मातीच्या ट्रॅकवर होतात.) मोटारी एकमेकींशी झुंजत नाहीत. प्रत्येक मोटार साधारण मिनिटभराचा नागमोडी मार्ग एकटीने कापते आणि शंकू पडला की तिच्या वेळेत दोन सेकंद वाढतात. स्पर्धक हौशी असतात. सोमवारी ज्या मोटारीने कचेरीला जायचे, तीच रविवारी घेऊन ते येतात.

मोटारी सारख्या नसल्याने गट पाडावेच लागतात आणि गट पाडताना अर्धा निकाल लागून जातो. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या 'स्ट्रीट' विभागात कारखान्यातून आली तशीच मोटार लागते. टायर, शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेक पॅड अशा मोजक्याच बदलांना मुभा आहे. शिवाय ज्या मोटारीचे नाव यादीत नाही, तिचे बारा महिन्यांत किमान १००० नग तयार झालेले असावेत, अशी अट आहे. वादाचे मूळ या अटीत आहे.

ही अट का आली, ते फोर्डच्या मस्टँग कोब्रा आर या मोटारीवरून ध्यानात येते. २००० साली तिचे अवघे ३०० नग निघाले. मागचे आसन, रेडिओ, वातानुकूलन यांना फाटा देऊन तिला ३८५ अश्वशक्तीचे इंजिन दिले होते. त्या सुमाराची मस्टँग जीटी २६० अश्वशक्तीची होती. नाव मस्टँग म्हणून दोघींना एका रांगेत उभे केले, तर जीटीवाल्याने शुल्क तरी का भरावे? तीनशेपैकी बहुतेक मोटारी संग्राहकांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या जातात, हा युक्तिवाद फसवा आहे. गट बिघडवायला एकच मोटार पुरते आणि एकाच मोटारीवर दोन चालक उतरू शकत असल्याने तीच दोन बक्षिसे नेऊ शकते. वेळेला गुणांक लावून वेगवेगळ्या गटांची तुलना करण्याची सोय आहे खरी. पण तो गुणांक गटाचा असतो, मोटारीचा नव्हे.

मात्र मालकाचीही बाजू आहे. त्याने मोटारीचा एक नटही बदललेला नाही. तरीही अटीत बसत नाही म्हणून त्याला, इतरांनी मनसोक्त फेरफार केलेल्या मोटारींच्या गटात जावे लागते. मोटार कारखान्याने थोड्या संख्येने बनवली, यात त्याचा काय दोष?

त्याहून अवघड प्रश्न मोजणीचा आहे. शेव्हरोलेच्या कमॅरोवर '१एलई' हा पर्याय मिळत असे. त्यात मोठे ब्रेक होते, वातानुकूलन नव्हते. १९८८ मध्ये अशा अवघ्या ४ मोटारी निघाल्या, १९९२ मध्येही हजारांहून कमीच. साध्या कमॅरो मात्र दर वर्षी हजारोंनी विकल्या जात. मग मोजायचे काय, मॉडेल की पर्याय? यावर क्लबच्या नियमांत एक शहाणी वाट आहे. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या साध्या मोटारीला सगळे भाग बसवून पूर्ण रूपांतर करता येते. अर्धवट चालत नाही. दुर्मिळ पर्यायाची मक्तेदारी त्यामुळे थोडी सैल होते. कोब्रा आरसारख्या, इंजिनासकट वेगळ्या मोटारीला मात्र या वाटेचा व्यवहारात उपयोग नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते १००० हा आकडा ढोबळ आहे. नव्या स्पर्धकाला आजच्या वापरलेल्या मोटारींच्या बाजारात ती मोटार परवडेल अशा किमतीत मिळते का, हा खरा निकष असायला हवा. हजारांहून अधिक निघालेल्या काही मोटारीही गंज, अपघात आणि संग्राहक यांच्या तावडीत सापडून आज दुर्मिळ झाल्या आहेत. अर्थात बाजारभाव दर महिन्याला बदलतो आणि आकडा बदलत नाही, ही नियम करणाऱ्यांची अडचणही समजण्यासारखी आहे.

क्लबची सोलो इव्हेंट्‌स बोर्ड ही समिती सभासदांची पत्रे मागवून गटांच्या याद्या वेळोवेळी बदलते. सर्वत्र दिसणाऱ्या मोटारीबाबत वर्षानुवर्षांच्या वेळा तिच्यासमोर असतात. दुर्मिळ मोटार फारशी धावतच नाही; तेव्हा वजन, अश्वशक्ती आणि टायरची रुंदी यांच्या कागदी हिशेबावरच बराचसा निर्णय घ्यावा लागतो.