रात्रपाळीच्या सिस्टरला उजेड हवा, आणि घरी अंधार

आपल्या बौद्धवाड्यांतल्या अनेक मुली आज नर्स आहेत. कोणी रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात, कोणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, कोणी खाजगी दवाखान्यात, तर कोणी मुंबईत. त्यांच्या पगारावर घरे उभी राहिली, भावंडांची शिक्षणे झाली. पण रात्रपाळी करून आलेली सून सकाळी अकराला झोपलेली दिसली की "अजून उठली नाही का?" असे विचारणारेही आपल्याच घरांत आहेत. म्हणून हा लेख जितका तिच्यासाठी आहे, तितकाच तिच्या घरच्यांसाठी.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. डोळ्यांतून शिरणाऱ्या उजेडावर ते दिवस-रात्र ओळखते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि झोप येते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास तापमान सर्वांत खाली असते आणि डुलकीही तेव्हाच अनावर होते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पहाटे चारला सिस्टरचे डोळे मिटतात तो तिचा आळस नव्हे, शरीराचा धर्म आहे.

पण नेमक्या त्याच वेळी तिला इंजेक्शनचा डोस मोजायचा असतो, सलाईन बदलायचे असते, अत्यवस्थ रुग्णाचा श्वास पाहायचा असतो. डोळा लागला तर चूक होऊ शकते, वापरलेली सुई स्वतःच्या बोटात घुसू शकते. सकाळी सुटल्यावर स्कूटरने हातखंब्याकडे किंवा पावसकडे निघालेल्या सिस्टरला हँडलवरच पेंग येण्याचा धोका असतो.

इथे उजेड मदतीला येतो. प्रखर उजेड मेलाटोनिन दाबतो आणि मेंदूला जागे ठेवतो. उजेड लक्स या एककात मोजतात. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण दोन-तीनशे लक्स असतात, तर बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स असतात. डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, पण मेंदूतल्या घड्याळाला जाणवतो. कॅनडात 2002 साली नर्सवर झालेल्या एका लहान अभ्यासात एका गटाला रात्रपाळीच्या पहिल्या सहा तासांत थांबून थांबून सुमारे 3,200 लक्सचा उजेड दिला आणि सकाळी घरी जाताना गडद चष्मा लावायला सांगितले. दुसऱ्या गटापेक्षा त्यांचे शरीर-घड्याळ रात्रीच्या कामाशी जास्त जुळले. चष्मा का? कारण सकाळचे ऊन घड्याळाला सांगते, "दिवस उगवला, उठ." मग घरी गेल्यावर झोप लागत नाही.

आपल्याकडे हे असे करता येईल:

1. ड्यूटीच्या पहिल्या अर्ध्या भागात नर्सिंग टेबलापाशी भरपूर पांढरा उजेड असावा. रुग्णांना मात्र अंधार लागतो, म्हणून सगळा वॉर्ड न उजळता टेबलावरचा दिवा वापरावा. दिव्याकडे टक लावून पाहू नये.

2. पहाटे चारनंतर कामापुरताच उजेड ठेवावा. रात्रीच्या पूर्वार्धातला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोपेची वेळ उशिरावर नेतो. आपल्याला तेच हवे असते. पहाट उलटल्यानंतरचा उजेड नेमके उलटे करतो.

3. नियमात बसत असेल आणि सोबतीण वॉर्ड सांभाळत असेल, तर पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. उठल्यावर तोंड धुऊन, चार पावले चालून मगच औषधांना हात लावावा.

4. चहा-कॉफी रात्रीच्या पूर्वार्धातच घ्यावी. पहाटेचा चहा सकाळची झोप खातो.

5. घरी जाताना एसटीत किंवा रिक्षात गडद चष्मा, टोपी किंवा छत्री वापरावी. स्वतः गाडी चालवायची असेल तर गडद चष्मा नको, त्याने पेंग वाढू शकते. डोळे जड असतील तर गाडी दवाखान्यातच ठेवून बसने यावे.

एखाद-दुसरीच रात्रपाळी असेल तर घड्याळ बदलण्याच्या भानगडीत पडू नये. ड्यूटीला जाण्यापूर्वी दुपारी दोन तास झोपून घ्यावे. डोळ्यांचा आजार, अर्धशिशी किंवा मानसिक आजाराचे औषध चालू असेल तर प्रखर उजेडाचा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

अंगुत्तर निकायातल्या एका सुत्तात महामोग्गल्लान ध्यान करताना पेंगू लागतात, तेव्हा तथागत त्यांना एकेक उपाय सांगतात. डोळ्यांना पाणी लाव, वर ताऱ्यांकडे पाहा, मनात उजेडाची जाणीव धर, चालून बघ. आणि एवढे करूनही पेंग गेली नाही, तर उजव्या कुशीवर झोप. ते मोग्गल्लानांना दोष देत नाहीत. उपाय संपले की झोपेचा हक्क मान्य करतात. उजेडाचेही तसेच आहे. तो झोपेची उणीव काही तास झाकतो, भरून काढत नाही.

ती उणीव घरातच भरून निघते. पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात काळोख करणे सोपे नाही, पण खिडकीवर जाड काळी चादर, डोळ्यांवर सुती पट्टी, कानात कापसाचा बोळा आणि पंखा एवढ्याने बरेच साधते. सिस्टर झोपलेली असताना टीव्ही आणि मोबाइलचा आवाज बंद असावा. मुलांना शाळेत पोचवणे, पाणी भरणे, दुपारची भाकरी ही कामे त्या आठवड्यात नवऱ्याने, सासूने, दिराने वाटून घ्यावीत. वाडीत कार्यक्रम असेल तर मंडळाने दुपारपर्यंत लाऊडस्पीकर बंद ठेवावा.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली. ती कारखान्यातल्या कामगारांसाठी होती, पण तिच्यामागचा विचार कष्ट करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे: राबणाऱ्या शरीराला विश्रांती हा उपकार नाही, हक्क आहे. रात्रभर दुसऱ्यांची लेकरे जपून आलेल्या आपल्या लेकीसुनांना हा हक्क आपल्या घरात तरी मिळालाच पाहिजे. पुढची रात्रपाळी लागली की त्या आठवड्याची कामे कोण करणार, हे आदल्या दिवशीच घरात बसून ठरवा.