हजार किलोमीटर, अकरा तास

पुणे ते तिरुचिरापल्ली हे हवाई अंतर सुमारे १,००० किलोमीटर. जेट विमानाला ते कापायला दोन तासही लागू नयेत. आम्ही पुण्यातल्या घरून पहाटे साडेचारला निघालो आणि तिरुक्करुगावूरला मोटारीतून उतरलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते.

सोबत भाची होती, पाचवा महिना सुरू असलेली. आधी दोनदा गर्भपात झालेला. लांबचा रस्त्याचा प्रवास टाळा, असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून विमान. वेट्टारू नदीकाठच्या या गावातली देवी गर्भरक्षांबिका. गरोदर स्त्रियांना येथे अभिमंत्रित एरंडेल तेल देतात. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण तिचा होता, आणि तो मोडण्याचा मला अधिकार नव्हता.

अकरा तासांपैकी आकाशात गेले जेमतेम तीन. आधी चेन्नई, तिथे ताटकळणे, मग सुमारे ३०० किलोमीटर मागे तिरुचिरापल्ली, आणि शेवटी टाळायचा होता तोच रस्ता, सुमारे ८० किलोमीटर. तिरुचिरापल्लीच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. इमारत देखणी आहे. मात्र तिथून थेट विमान मिळते ते सिंगापूरचे. जवळपास तिप्पट अंतर, तेही चार-साडेचार तासांत! कावेरीच्या खोऱ्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आले, त्यामुळे त्या मार्गाला प्रवासी आहेत. तंजावरात भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षे राज्य केले आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपला इतिहास मराठीत कोरवला, हे खरे. पण शिलालेखाच्या बळावर विमाने भरत नाहीत.

खरा प्रश्न तंजावरचाच आहे. ते तिरुक्करुगावूरपासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर. तिथे धावपट्टी आहे, पण हवाई दलाची. २०२० पासून सुखोईंची तुकडी तिथे तैनात आहे. आम्ही गेलो तेव्हा प्रवासी विमान तिथे उतरत नव्हते. सुरक्षेचे कारण मी हलके मानत नाही. मात्र आम्ही ज्या लोहगावहून उडालो, तोही हवाई दलाचाच तळ. तिथेही सुखोई आहेत, आणि त्यांच्या वेळा सांभाळून पुणेकर रोज प्रवास करतात. ‘उडान’ योजना २०१६ मध्ये आली ती लहान शहरे जोडण्यासाठी. तिचा हिशेब मार्ग आणि विमानतळ मोजून मांडला जातो. घरच्या उंबऱ्यापासून मुक्कामापर्यंत किती तास लागले, हा रकाना त्यात नाही. तो असता, तर तंजावरची धावपट्टी यादीत बरीच वर चढली असती.

संध्याकाळी देवळातून बाहेर आल्यावर भाचीने तेलाची कुपी पर्समध्ये जपून ठेवली. पाय सुजले होते. मोटारीत बसताना तिने विचारले, ‘‘मामा, परत जायलाही एवढाच वेळ?’’

मी म्हणालो, ‘‘चेन्नईचं विमान चुकलं नाही तर.’’