खेळ तोच, खेळणारी मोठी झाली

मैत्रिणींनो, व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचं खूळ, असं आपण म्हणतो. पण ती पोरं आता चाळिशीला आली आणि अजून खेळतात. त्यांत बायकाही आहेत. आज आम्ही बोलतोय रोल-प्लेइंग गेमबद्दल. यात एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरायचं, लढून त्याची ताकद वाढवायची आणि गोष्ट पुढे न्यायची.

'फायनल फँटसी सेव्हन' हा जपानी खेळ घ्या. १९९७ साली तो प्लेस्टेशनवर आला, तोही तीन सीडींवर! वाटेत अचानक शत्रू उपटायचे, त्यांच्याशी पुन्हा पुन्हा लढायचं. शाळकरी वयात हे लांबणंच हवंसं वाटतं, कारण सुट्टी भरपूर आणि हाताशी खेळ मोजके.

मोठेपणी वेळेचे तुकडे होतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जेवढी मिळतील तेवढी मिनिटं. बाईच्या वाट्याला तर तेवढीही सलग येत नाहीत. त्या जुन्या खेळात गावांबाहेरच्या मोकळ्या नकाशावर किंवा ठरावीक जागीच 'सेव्ह' करता यायचं. मध्येच बंद केला की तिथपर्यंतची मेहनत पाण्यात. (मूल 'दोनच मिनिटं गं' म्हणतं, तो दर वेळी बहाणा नसतो बरं का.) २०१५ मध्ये हाच खेळ प्लेस्टेशन ४ वर आला, तेव्हा तो तिप्पट वेगाने चालवायची आणि अचानक येणाऱ्या लढाया बंद ठेवायची सोय त्यात होती. याला कुणी आळस म्हणतं. आम्हाला ते पटत नाही. कष्ट दिवसभर झालेलेच असतात, खेळातून गोष्ट हवी असते.

आणि गोष्टही वयाबरोबर निराळी दिसते. मुलाची नजर नायक क्लाउडच्या भल्यामोठ्या तलवारीवर. त्याचा साथीदार बॅरेट, एका हाताच्या जागी बंदूक बसवलेला, लहानपणी नुसता आरडाओरडा करणारा वाटतो. पण तो मित्राची मुलगी मार्लीन हिला पोटच्या पोरीसारखी वाढवतोय. दुनिया वाचवायला निघताना दर वेळी तिला दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करून जावं लागतं. आई झालेली खेळाडू तिथे थबकते. क्लाउडचंही तसंच. आपण नामांकित सैनिक होतो, असं तो सांगत असतो. प्रत्यक्षात त्या दलात त्याची निवडच झालेली नसते. बाराव्या वर्षी हा गोष्टीतला एक धक्का असतो. चाळिशीत मात्र त्याने गावाकडे तोंड का लपवलं, ते लगेच कळतं.